वाघोबासमोर चालू इंजिन

माळशेज उतरताना

माळशेज घाट बहुतेकांना पावसाळ्यातला माहीत असतो. आम्ही तो जानेवारीच्या अखेरीस उतरलो. कडे कोरडे होते, गवत पिवळं पडलं होतं आणि खाली मुरबाडची भातखाचरं कापून मोकळी झाली होती. कंपनीचे जपानी तज्ज्ञ होरी-सान पुढच्या सीटवर दोन्ही हात मांडीवर ठेवून बाहेर बघत होते. मागे बसून मी फोनवर एकच मेल पुन्हा पुन्हा वाचत होतो.

मी जिंतूरचा. वडील मोंढ्यात हमाली करत. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि पुण्यातल्या एका जपानी मोटार कंपनीने मला कॉलेजातूनच उचललं, याचे उपकार मी अजून मानतो. माझा विभाग डिझेलचा. आता जपानी गाडी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे पेट्रोलचं शांत इंजिन येतं, आणि ते खरंही आहे. पण आपल्याकडे एक काळ असा आला की ज्याला त्याला डिझेलच हवं होतं. आमच्या कंपनीकडे स्वतःचं लहान डिझेल इंजिन नव्हतं. तिने ते युरोपातल्या एका भागीदाराकडून घेतलं आणि आपल्या गाडीत बसवलं. पुढे धुराचे नियम कडक झाले, तेव्हा त्याच इंजिनाला काजळी अडवणारा फिल्टर आला. आणि मधल्या काळात कंपनीच बदलली. म्हणजे फाटकावरची पाटी तीच राहिली, पण तिचे बहुतेक शेअर एका बाहेरच्या उद्योगसमूहाने घेतले. तेव्हापासून आमचे साहेब एखादा निर्णय सांगताना ‘आपण ठरवलं’ म्हणत नाहीत, ‘वरून आलं’ म्हणतात.

तर वरून आलेली मेल अशी होती. किन्हवलीच्या एका बाईंच्या सात सीटच्या डिझेल गाडीचा फिल्टर पुन्हा पुन्हा तुंबतो आहे. तिथे जाऊन कारण शोधा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोनवर सांगा. वापरात चूक असेल तर प्रकरण बंद करा.

होरी-सान जपानहून आले होते ते याच इंजिनाच्या तक्रारींसाठी. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेले, बारीक अंगाचे, बोलायचं असेल तर आधी घसा साफ करणारे. पूर्वी अशी तक्रार आली की ते गिऱ्हाइकाच्या गावात महिनाभर राहत. आता भत्ता तीन दिवसांचा होता.

“तीन दिवसांत रस्ता कळतो का?” मी त्यांना विचारलं.

“हॉटेल कळतं,” ते म्हणाले.

धसई

मुरबाडला न थांबता आम्ही आधी धसईला गेलो, कारण त्या बाईंची गाडी सुरुवातीला जिथे दाखवली होती तो गॅरेजवाला धसईचा. बाजारात भेंडीचे क्रेट रचले जात होते. ही भेंडी परदेशात जाते म्हणे. तांदळाची पोती, मिरच्या, वालाच्या शेंगांचे ढीग. आमच्याकडे बाजारात चालताना पायाखाली ज्वारी-तुरीचा कोंडा असतो, इथे भाताचं तूस होतं.

गॅरेजवाल्याने फार वेळ घेतला नाही. “वैशालीताईची गाडी ना? ती बया येऊन सांगते, इंजिनमधलं ऑइल वाढतंय. मी म्हटलं, ताई, ऑइल कमी झालेलं ऐकलंय, वाढलेलं नाय. तुमच्या गाडीला काय दूध येतंय का?”

तो हसला. मी हसलो नाही. ऑइल वाढतंय म्हणजे त्यात डिझेल उतरतंय, आणि ते का उतरतं हे मला माहीत होतं. फिल्टरमध्ये काजळी साठली की इंजिन तापल्यावर थोडं जास्त डिझेल घेऊन ती आपोआप जाळून टाकतं. त्याला गाडी काही वेळ सलग चालावी लागते. जाळणं चालू असताना कोणी इंजिन बंद केलं तर काजळी तशीच राहते आणि जास्तीचं डिझेल हळूहळू ऑइलमध्ये जातं. म्हणजे बाई रोज मध्येच कुठेतरी इंजिन बंद करत होत्या. वरच्यांच्या भाषेत ती वापरातली चूक. प्रकरण धसईतच बंद झाल्यासारखं होतं, आणि तेच मला नको होतं.

जेवायला एका खानावळीत बसलो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी. सुक्या मासळीचा वास आमच्या मराठवाड्याच्या नाकाला झेपत नाही. मी ताट थोडं लांब सरकवलं. होरी-सानांनी मात्र चटणी दोनदा मागून घेतली. खानावळीच्या मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हा जपानचा का तू जपानचा?”

काळजीत माणूस वस्तू विसरतो. मी लॅपटॉपचा चार्जर तिथेच विसरलो आणि ते किन्हवलीला पोचल्यावर लक्षात आलं. त्याच्याशिवाय दुसऱ्या दिवशीची तपासणी होणार नव्हती. खानावळीत फोन केला तर मावशी शांतपणे म्हणाल्या, “एसटीत ठेवलाय. मुरबाडला गाडी बदलून येईल. उतरून घे.” संध्याकाळी किन्हवलीच्या गाडीच्या ड्रायव्हरने तो केळीच्या पानात गुंडाळलेला चार्जर माझ्या हातात ठेवला. आत दोन भाकऱ्याही होत्या. सुकट नव्हती.

किन्हवली

वैशालीताई पस्तिशीच्या. नवरा भिवंडीला गोदामात कामाला, तो आठवड्याने येतो. ताई सकाळी आसपासच्या पाड्यांवरच्या मुली गोळा करून शहापूरला कॉलेजात सोडतात आणि दुपारी परत आणतात. एसटी आहे, पण तिचा नेम नाही, आणि पाड्यापासून थांबा लांब. आईबाप ताईच्या गाडीत बसवतात म्हणूनच त्या मुली बारावीपर्यंत पोचल्या होत्या. परीक्षा तोंडावर आली होती.

आम्ही ओट्यावर बसलो. त्यांनी गुळाचा चहा दिला.

“गाडी मधेच दम टाकते,” त्या म्हणाल्या. “दिवा लागतो, मग चढावर बैलगाडीसारखी चालते. एकदा पोरी उतरून चालत गेल्या. पेपरच्या दिवशी असं झालं तर मी काय तोंड दाखवू?”

“कंपनीने फिल्टर नाही दिला तर?”

“तर गाडी उभी. मला नवा परवडायचा नाय. आनि पोरींना दुसऱ्याच्या गाडीत कोनी बसवणार नाय. मला विचारायला येतात बाया, सांग गो, शेवटपर्यंत नेशील ना.”

होरी-सानांनी मला या वाक्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी तो वहीत लिहून घेतला.

“ताई, तुम्ही वाटेत कुठे इंजिन बंद करता का?” मी विचारलं.

“नाय बा,” त्या म्हणाल्या. “पोरी घ्यायला थांबते तेव्हापन चालूच ठेवते.”

त्या खोटं बोलत नव्हत्या हे दिसत होतं. मग डिझेल ऑइलमध्ये येतं कुठून, हे मला कळेना. रात्र मी किन्हवलीतल्या शाळेच्या खोलीत कूस बदलत काढली.

शेणव्याच्या पुढचा चढ

सकाळी लॅपटॉप गाडीला जोडून मी ताईंच्या शेजारी बसलो. होरी-सान मागे मुलींच्या दाटीत बसले होते. मुलींनी त्यांना खिडकी दिली आणि मग सगळ्या रस्ताभर त्यांच्याकडे चोरून बघत राहिल्या. थंडी होती. खाचरांत वालाचा पाला दिसत होता, आंब्यांना मोहर होता. पाड्यापाड्यावर गाडी थांबली, आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे इंजिन खरंच एकदाही बंद झालं नाही.

शेणवं मागे पडलं आणि जंगलातला चढ लागला. इंजिन तापलं. पडद्यावर फिल्टरच्या उष्णतेची रेघ वर चढायला लागली. काजळी जळायला सुरुवात झाली होती. मी होरी-सानांना मागे वळून खूण केली. ते पुढे वाकले.

चढ संपतो तिथे उजव्या हाताला ऐनाच्या झाडाखाली एक शेंदूर लावलेला दगड आहे. त्यावर वाघ कोरलेला. ताईंनी गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवली, आणि सगळं शांत झालं. पडद्यावरची रेघ खाली पडली.

मुली उतरल्या. एकीने झेंडू वाहिला, कोणी नुसते हात जोडले. होरी-सानांनीही उतरून कमरेतून वाकून नमस्कार केला. मग सगळे परत बसले आणि ताईंनी गाडी सुरू केली. पुढे उतार, मग शहापूरचे गतिरोधक आणि बाजाराची गर्दी. इंजिनाला पुन्हा तेवढं तापायला जागाच नव्हती.

“ताई,” मी म्हणालो, “इथे बंद केलीत की.”

“इथे व्हय,” त्या म्हणाल्या. “हे काय थांबणं हाय का? हा वाघोबा. त्याच्यासमोर कोन इंजिन चालू ठेवतो? वाघाच्या दारात जाऊन गुरगुरायचं नाय.”

मागची एक मुलगी म्हणाली, “एसटीवाला पन बंद करतो, सर. तो नवीन ड्रायव्हर होता ना, त्याने नाय केली, त्याला परत येताना बिबट्या दिसला.”

“दिसला तर दिसला, गो,” दुसरी म्हणाली. “तो तर सगळ्यांनाच दिसतो.”

मी होरी-सानांना सगळं समजावलं. जुन्या जीपांना फिल्टर नव्हता, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या हा नियम पाळूनही कुणाचं काही बिघडलं नाही. या रस्त्यावर फिल्टरवाली गाडी ही पहिलीच. इंजिन युरोपातल्या रस्त्यांवर तपासलेलं, गाडी जपानच्या. कुणीही इथे येऊन राहिलं नव्हतं.

होरी-सानांनी घसा साफ केला. “आम्ही नवी गाडी घेतली की देवळात नेऊन पुजाऱ्याकडून आशीर्वाद घेतो,” ते म्हणाले. “पण इंजिन बंद करावं लागतं का, हे मी कधी बघितलं नाही. बघायला हवं होतं.”

शहापूर

शहापूरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दिवस गेला. मुली त्या दुपारी एसटीने घरी गेल्या. यंत्र लावून फिल्टरमधली थोडीशीच काजळी जळली, ऑइल बदललं. पण फिल्टर आतून तडकला होता. काही आठवडे चालेल, फार नाही. नवाच हवा होता.

संध्याकाळी फोन लावला. पलीकडे समूहाच्या कचेरीतल्या एक बाई होत्या. आवाज चांगला होता, घाईत होता. इंग्रजीत त्यांनी एकच गोष्ट विचारली. फिल्टरची साफसफाई, म्हणजे काजळी जळणं, चालू असताना चालकाने इंजिन बंद केलं का, हो की नाही?

होरी-सानांनी फोन माझ्याकडे सरकवला. मला वाटलं होतं ते बोलतील. मला हेही माहीत होतं की आमचा डिझेल विभाग राहणार की नाही याची चर्चा त्याच कचेरीत चालू आहे, आणि जास्त बोलणाऱ्यांची नावं लक्षात राहतात.

“हो,” मी म्हणालो. “रोज करतात. उद्याही करतील. त्या रस्त्यावरचा प्रत्येकजण करतो.” मग मी वाघोबाबद्दल सांगितलं. माझं इंग्रजी अशा वेळी जिंतूरचं होतं. वाघाला देव म्हणताना त्यांना तो जिवंत वाघ वाटला, ते निस्तरण्यात वेळ गेला. शेवटी मी म्हणालो, “एवढं हुशार इंजिन मिनिटभर थांबलं तर काम अर्धवट सोडतं. यात चालकाची चूक कशी?”

पलीकडे कोणाशी तरी बोलणं झालं. मग उत्तर आलं. फिल्टर एकदा देऊ. पण उद्या याच रस्त्यावर, याच चालकाने, मुलींसकट, साफसफाई पूर्ण करून दाखवायची. नोंद आली नाही तर प्रकरण बंद. इंजिनाच्या संगणकात बदल होणार नाही, कारण या इंजिनावर आता खर्च करायचा नाही असं ठरलं आहे.

मी ताईंना सांगितलं. त्या हातातला रुमाल घडी करत राहिल्या.

“म्हंजे वाघोबापुढे चालू ठेवायची.”

“हो.”

“तुमी म्हणता म्हणून?”

“कंपनी म्हणते म्हणून.”

“मग कंपनीने वाघोबाला सांगावं,” ताई म्हणाल्या. “मी नाय सांगणार. उद्या पहाटे लहानू भगताला तिथे पाठवते.”

वाघोबा

दुसऱ्या दिवशी आम्ही शहापूरहून आमच्या गाडीने आधीच चढावर पोचलो. देवापासून लांब, खालीच गाडी बंद करून चालत वर गेलो. लहानू भगत दगडापाशी उकिडवे बसले होते. ठाकर समाजाचे, डोक्याला मफलर, कानावर विडी अडकवलेली. त्यांनी तांदूळ मांडले, नारळ ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“कोनाच्या वतीनं सांगू?”

“गाडी वैशालीताईंची आहे,” मी म्हणालो.

“तिचं नाय रे. ती तर थांबायला तयार हाय. थांबू नको असं जो सांगतो, त्याच्या वतीनं सांगावं लागतं. त्याचं नाव, बापाचं नाव, गाव. त्याबिगर देव कोनाचं ऐकणार?”

मी होरी-सानांना विचारलं, मालक कोण म्हणून सांगायचं. त्यांनी खरोखर विचार केला. कंपनी जपानची, ते म्हणाले. पण तिचे बहुतेक शेअर समूहाकडे. समूहाचे शेअर वेगवेगळ्या फंडांकडे. फंडांत लोकांचे पैसे. “माझ्या पेन्शनचेही असतील,” ते म्हणाले.

मी जमेल तसं मराठीत सांगितलं. भगतांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“येवढ्या लोकांचे बाप मी कुठून आनू,” ते म्हणाले. “एक माणूस द्या.”

होरी-सान पुढे झाले. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि आपलं नाव, वडिलांचं नाव, गाव सांगितलं. भगतांनी ते दोनदा म्हणून बघितलं, जमेना. “गाव लांब हाय,” ते म्हणाले. “काय कमीजास्त झालं तर वाघोबा समुद्र ओलांडून जाईल का? तुझं गाव कुठलं रे, पोरा?”

“जिंतूर. परभणीकडे.”

“रस्ता हाय ना तिथपर्यंत?”

“आहे.”

“मग तुझंच चालंल. पन समजून दे. नाव दिलं त्याच्यावर येतं. ती गाडी ह्याच्यासमोरून गुरगुरत गेली आनि पोरींना काय झालं, तर जबाब तुझ्याकडं.”

मी विज्ञान शिकलेला माणूस आहे. हे खरं असूनही मला ती अट खरी वाटली. कंपनीत मी इतक्या कागदांवर सह्या केल्या आहेत, पण चूक झाली तर ती माझ्या घरी येईल असं कुणी मला कधी सांगितलं नव्हतं. खालच्या पाड्याकडून ताईंच्या गाडीचा आवाज यायला लागला होता. मला जिंतूरच्या घरात दाराशी तांदूळ निवडणारी आई दिसली. मी स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, गाव सांगितलं.

भगत दगडाकडे वळले आणि शेजाऱ्याशी बोलावं तसे बोलू लागले. “बाबा वाघोबा, ही वैशाली तुझीच लेक. आजपासून सकाळची ती तुझ्या दारातनं इंजिन चालू ठेवून जाईल. तुझा मान मोडायला नाय. गाडीच्या पोटात काजळी साचते, ती जळायला पायजे. दुपारची येताना ती थांबंल, इंजिन बंद करंल, दोन्ही वेळचा नमस्कार एकदम करंल. ज्यानं ही गाडी बनवली हाय त्याला तुझी वळख नाय, आनि आमाला त्याची नाय. म्हणून हा जिंतूरचा पोरगा मधे उभा राह्यलाय. याला समजून घे. पोरींना पोचव.”

नारळ फोडला. पांढरा, चांगला निघाला. भगतांनी तो पुढे धरला, पण ‘बरं झालं’ असं काही म्हटलं नाही.

मी खाली जाऊन ताईंच्या शेजारी बसलो आणि लॅपटॉप जोडला. पडद्यावरची रेघ वर चढत होती. ताईंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. मागच्या मुली एरवी पुस्तकातले प्रश्न एकमेकींना विचारत असतात. त्या दिवशी त्यांनी पुस्तकं मिटली. गाडी वाघोबासमोरून हळू गेली, इंजिनाचा आवाज मला कधी नव्हे एवढा मोठा वाटला. भगत मफलर काढून उभे होते, होरी-सान वाकलेले. ताईंनी तिकडे बघितलं नाही. त्यांचे ओठ हलत होते.

शहापूरच्या अलीकडे पडद्यावर ‘पूर्ण’ असं आलं. मी ते मोठ्याने सांगितलं. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. कॉलेजच्या फाटकाशी मुली उतरल्या आणि एकेकीने मान वळवून माझ्याकडे बघितलं, जणू मी अजून जागेवर आहे ना याची खात्री करून घेत होत्या.

फिल्टर त्याच आठवड्यात आला. त्याच मेलमध्ये या इंजिनाचं उत्पादन बंद होणार असल्याचं आणि आमच्या विभागाबद्दल लवकरच कळवू असंही होतं. होरी-सान जपानला परत गेले. मी पुण्यात आहे, खुर्ची अजून आहे.

आईने फोनवर विचारलं, शहापूरकडे काय बघितलंस. मी भेंडी, वाल, तांदळाची भाकरी, सगळं सांगितलं. तिचं घर कुठे आहे ते कोणाला सांगून आलो, ते सांगितलं नाही. परीक्षा सुरू झाल्यापासून सकाळी माझं कामात लक्ष लागत नाही. ताई मुलींना फाटकाशी सोडलं की एक शब्द पाठवतात, “पोचलो.” तो आला की मी चहाला उठतो. कालचाही आला. आता भूगोलाचा पेपर राहिला आहे.